डी ड्राइव्हवर ठेवलंय ना!

घरचा कॉम्प्युटर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी मुलुंड पूर्वेला राहते, वय ६१. पाच वर्षांपूर्वी आम्ही कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज ११. मिस्टर त्यावर दुकानाची टॅली (हिशेबाचा प्रोग्राम) बघतात, बाकी सगळा पसारा माझा. २००४ पासूनचे फोटो आहेत. वडिलांनी वहीत लिहिलेल्या आठवणी मी श्रीलिपीत (मराठी टायपिंगच्या प्रोग्राममध्ये) टाइप केल्या होत्या, त्या आहेत. आणि सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या ११ फाइली, प्रत्येकी साधारण अर्ध्या तासाची. सासूबाई आता नाहीत आणि कॅसेटना बुरशी आली म्हणून त्या टाकून दिल्या. मागच्या महिन्यात शेजाऱ्यांची हार्ड डिस्क गेली. डेटा काढून देणाऱ्यांनी सांगितलेला आकडा ऐकून ते डिस्क तशीच पिशवीत घालून घरी परतले. तेव्हापासून मला झोप नाही. भाचा म्हणतो, "मावशी, घाबरू नकोस, सगळ्याची कॉपी डी ड्राइव्हवर ठेवली आहे." आज कॉम्प्युटर ठणठणीत आहे. पण उद्या सकाळी तो सुरूच झाला नाही, तर संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा मार्गी लागावं म्हणून आज काय करून ठेवू?
(एक वाचक, मुलुंड. नाव छापू नये अशी विनंती.)

उत्तर : ताई, लॅमिंग्टन रोडवर एका दुकानाच्या मागच्या बाकावर बसून मी बावीस वर्षं मशीनं उघडली. (पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा.) त्या बावीस वर्षांत काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कोणतं म्हणाल तर हेच : "पण डी ड्राइव्हवर ठेवलंय ना!" ते ऐकलं की पुढचं सांगायला माझी जीभ रेटायची नाही. एक मात्र आहे, ती सगळी माणसं डिस्क गेल्यावर आलेली. मशीन चालू असताना विचारणारे मला फार थोडे भेटले, म्हणून तुम्हाला जरा सविस्तर लिहितो.

चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत फळकुटाचं पार्टिशन घालून बाहेरची खोली आणि आतली खोली करतात ना, सी आणि डी तशा असतात. माणसं आत-बाहेर करतात, पण छप्पर एक आणि जमीन एक. असेंबल करणारे अशी फाळणी का करायचे, त्यालाही कारण होतं. विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळात व्हायरसने मशीन दर सहा महिन्यांनी बसायचं. मग सी पुसून विंडोज नव्याने टाकायची आणि डीमधले फोटो सुखरूप राहायचे. त्या दुखण्यावर ते औषध बरोबर होतं. डिस्कच गेली तर दोन्ही खोल्या एकदमच जातात. तुमच्याकडे नेमकं काय आहे ते स्वतः बघा. स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक, मग डिस्क मॅनेजमेंट. खालच्या भागात 'डिस्क ०' अशी एक पट्टी दिसेल. सी आणि डी दोन्ही त्याच पट्टीत असतील आणि 'डिस्क १' नावाची दुसरी पट्टी नसेल, तर भाच्याने कॉपी केली आहे ती त्याच खोलीतल्या दुसऱ्या कपाटात.

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि त्यांच्यावरून वाचणारं डोकं काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस त्या फटीपेक्षा हजारो पटींनी जाड. पाच वर्षं हे न चुकता चाललं याचंच मला कौतुक वाटतं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा मोफत प्रोग्राम डिस्कची तब्येत दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध. पिवळा दिसला तर त्याच दिवशी कॉपी काढायला बसा. पण निळ्यावर विसंबून राहू नका. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही खूण आधी दाखवली नव्हती. एसएसडी (फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) तर कुरकुरही करत नाही. रात्री चांगली असते, सकाळी मशीनला दिसतच नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, फाइली वाचवणं. दोन, मशीन पुन्हा उभं करणं. पहिलं केलं आणि दुसरं नाही, तर ओव्या वाचतात पण टॅली तीन दिवस बंद राहते.

फाइलींसाठी दोन बाहेरच्या डिस्क घ्या, प्रत्येकी १ टीबीची पुरे. दोन कशाला, ते माझ्यावर गुदरलं आहे म्हणून सांगतो. २००५ साली आम्ही कलिन्याला तळमजल्यावर राहायचो. धंदाच हा असल्यामुळे मी दर महिन्याला इमानाने सीडी जाळायचो आणि त्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवायचो. सीपीयू त्याच टेबलाखाली. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. रात्री आम्ही वरच्या मजल्यावरच्यांकडे बसून होतो. दुसऱ्या दिवशी खण ओढला तर तो निघेना, लाकूड फुगलेलं. पहारीने उघडला. सीडी चिखलात होत्या आणि धुवून काही वाचल्याही, पण मुलीच्या बारशाच्या व्हिडिओची सीडी वाचली नाही. तेव्हापासून माझी एक डिस्क घरात आणि दुसरी ठाण्याला बहिणीकडे असते. संक्रांत, गुढीपाडवा, राखीपौर्णिमा आणि भाऊबीज, वर्षातून चार वेळा आम्ही भेटतोच. तेव्हा घरची ताजी डिस्क तिच्याकडे जाते आणि तिच्याकडची माझ्याकडे येते. बहीण म्हणते, तू ओवाळणीला येतोस की डिस्क बदलायला! पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम हाच सांगतो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझं घर बुडालं नसतं तर मला तो नुसता वाचून पटला नसता.

बाहेरची डिस्क कॉपी झाली की काढून ठेवायची. कायम लावून ठेवलेल्या डिस्कला विजेचा झटका आणि फाइलींना कुलूप ठोकून खंडणी मागणारा व्हायरस, दोन्ही एकाच वेळी गाठतात. पहिल्यांदा वेळ लागेल. २०० जीबी असेल तर जुन्या यूएसबी २ च्या खोबणीतून जवळजवळ दोन तास, निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, खोबणीतून अर्ध्या-पाऊण तासात होईल. टेबलावरच्या सीपीयूला निळी खोबण बहुधा मागच्या बाजूला असते. सगळे पुढच्या खोबणीत घालतात आणि मग डिस्कला शिव्या देतात.

काय काय उचलायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे कोणीही सांगेल. टॅलीचा डेटा मात्र यांतल्या कशातच नसतो. टॅलीप्राइममध्ये कंपनी निवडण्याच्या पडद्यावर त्याचा पत्ता लिहिलेला असतो, बहुतेक सी ड्राइव्हवर यूजर्स, त्यात पब्लिक असा. ऑल्ट आणि वाय दाबून डेटाच्या मेनूतून बॅकअप घ्या आणि तो थेट बाहेरच्या डिस्कवर पाठवा. हे काम मिस्टरांना द्या, दर शनिवारी दुकान बंद करताना.

वडिलांच्या आठवणींबद्दल मला जास्त काळजी वाटते. श्रीलिपीतली फाइल सुखरूप परत मिळाली आणि नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला, तर उघडल्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. काउंटरवर एक आजोबा अशी फाइल पाहून "डेटा खराब दिलात" म्हणून माझ्यावर भडकले होते. डेटा चांगला होता, फॉन्ट नव्हता. तेव्हा आज, सगळं नीट दिसत असताना, त्या प्रत्येक फाइलीची पीडीएफ काढा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो. त्याशिवाय एक प्रत युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसेल अशा मराठीत) बदलून घ्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, बिघडतात ती तिथेच. आणि श्रीलिपीची सीडी आणि तिच्यासोबत आलेलं कुलूप, म्हणजे यूएसबीत लावायची ती डोंगल, असेल तर एका डब्यात ठेवा.

ओव्यांचं सोपं आहे. कॅसेटवरून वेव्ह फाइल केली असेल तर मिनिटाला साधारण १० एमबी धरा. अकरा अर्धे तास म्हणजे सव्वातीन जीबीच्या आसपास. गूगलच्या खात्यात १५ जीबी फुकट मिळतात, त्यात त्या आरामात मावतील. पण गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं जे फोल्डर मशीनवर आपोआप जुळवून घेत राहतं, त्यात ठेवून निर्धास्त होऊ नका. इथून पुसलं की तिथूनही पुसलं जातं आणि ३० दिवसांनी कचरापेटीही रिकामी होते. ब्राउझर उघडून वेगळ्या फोल्डरमध्ये हाताने चढवा आणि विसरून जा.

आता दुसरं काम, मशीन उभं करण्याचं. इथे बरेच जाणकार तुम्हाला संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची जशीच्या तशी प्रत, घ्यायला सांगतील. क्लोनझिला, किंवा त्याच धर्तीचं पण माउसने चालणारं रेस्क्यूझिला, दोन्ही मोफत आहेत आणि काम चोख करतात. एक गोम आहे. इमेज उतरवताना नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी लागते. तुमची १ टीबीची डिस्क गेली की दुकानदार हमखास ५०० जीबीची एसएसडी हातात देणार. आत फक्त दोनशे जीबी भरलेले असले तरी ती इमेज सरळसरळ त्यावर उतरत नाही. घरच्या मशीनसाठी माझं मत वेगळं आहे. विंडोज नवी टाकावी, प्रोग्राम नव्याने बसवावेत आणि फाइली परत आणाव्यात. पाच वर्षांचा कचराही सोबत येत नाही.

त्यासाठी एक ८ जीबीचा किंवा मोठा पेनड्राइव्ह लागेल. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल वापरून त्यावर विंडोज ११ उतरवा. पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं, म्हणून सुनेच्या लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. हे मशीन चालू असतानाच करायचं काम आहे. बंद पडल्यावर लोक शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागत फिरतात. विंडोज ११ होम बसताना इंटरनेट मागते आणि नेमका तेव्हाच नेटवर्कचा ड्रायव्हर, म्हणजे नेटचा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, नसतो. मदरबोर्डच्या (सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डाच्या) कंपनीच्या साइटवरून तो आधीच त्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. नाहीच जमलं तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट मशीनला देण्याची सोय) चालू केलं की बहुतेक वेळा काम निभावतं.

विंडोजच्या लायसन्सची धास्ती नको. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात ॲक्टिव्हेशन बघा. 'डिजिटल लायसन्स'ने चालू आहे असं लिहिलं असेल तर ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं. डिस्क बदलली तरी बसवताना "प्रॉडक्ट की नाही" हा पर्याय निवडायचा, इंटरनेट लागलं की आपोआप चालू होतं. मात्र पूर्वी होती तीच आवृत्ती निवडा, होमच्या जागी प्रो नको. आणि तिथे ॲक्टिव्ह नाही असं दिसलं, तर असेंबल करणाऱ्याने तुम्हाला काय विकलं ते आजच त्याला विचारा.

एक शंभरपानी वही करा. कागदाचीच. त्यात मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल, विंडोजची आवृत्ती, मदरबोर्डचं मॉडेल, टॅलीचा सीरियल नंबर आणि तो ज्या ईमेलवर नोंदला आहे तो, प्रिंटरचं मॉडेल, वायफायचा पासवर्ड. पासवर्डची यादी कॉम्प्युटरमध्येच एक्सेलमध्ये ठेवणारे गिऱ्हाईक मी इतके पाहिले आहेत की आता हसूही येत नाही.

एवढं झालं की रंगीत तालीम. हे मी कळकळीने सांगतो, कारण हे कोणी करत नाही. तुमची डिस्क पाच वर्षांची आहे, ती मरायची वाट कशाला बघायची? एक नवी एसएसडी आणा. रविवारी सकाळी भाच्याला बोलवा, जेवायला काहीतरी चांगलं करा. मशीन बंद करून, प्लग काढून, त्याला जुन्या हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल काढायला लावा. समजा, ती गेली. एसएसडी लावा आणि वही, पेनड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क एवढ्यावर घर उभं करून दाखवा. भाच्याने फक्त बघायचं, माउस तुमच्या हातात. सुरू होताना कोणतं बटण दाबलं की पेनड्राइव्हवरून चालेल, तेही वहीत लिहा. असूसच्या बोर्डावर एफ८, एमएसआयवर एफ११, गिगाबाइटवर एफ१२ असतं.

माझ्या घरी पहिली तालीम केली तेव्हा मला वाटलं होतं, तासाभराचं काम. संध्याकाळ झाली. स्कॅनरचा प्रोग्राम कुठे मिळत नव्हता, ब्राउझरमधले पासवर्ड गेले होते आणि बायकोचा मराठी कीबोर्ड भलताच बसला होता. ती फोनेटिकवर टाइप करते, मी इन्स्क्रिप्ट टाकून ठेवला, मग जेवण मला वाढून घ्यावं लागलं. यातली प्रत्येक चूक वहीत गेली. तुमच्याही काही निघतील, आणि तेव्हा जुनी डिस्क शेजारी धडधाकट पडलेली असेल. केबल लावली की राहिलेलं सापडतं. खऱ्या दिवशी ही सोय नसते.

तालीम पुरी कधी समजायची? टॅलीचा बॅकअप नव्या जागी रिस्टोअर होऊन मिस्टरांना कालची शिल्लक दिसली, वडिलांची पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत उघडली आणि अकरापैकी कुठलीही एक ओवी मधूनच न अडकता अखेरपर्यंत वाजली की. नुसतं फाइलीचं नाव दिसणं धरू नका. शून्य बाइटच्या फाइलीलाही नाव असतं.

सगळं नीट चाललं की महिन्याभराने जुनी हार्ड डिस्क त्याच मशीनमध्ये दुसरी डिस्क म्हणून जोडा, तिलाच डी म्हणा. मग भाच्याचं वाक्य निम्मं तरी खरं होईल.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. एसएसडी चांगली आहे म्हणून मित्राच्या मशीनला लावली, तर ४८ अंकी रिकव्हरी की मागते. मी असलं कधी काही चालू केलंच नव्हतं. आता काय?
(एक विद्यार्थी, चेंबूर)

उत्तर : तू चालू केलं नसशील, विंडोजने केलं असेल. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय न उघडणारं कुलूप, यालाच बिटलॉकर म्हणतात) आपोआप लागतं आणि विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून हे आणखी सर्रास झालं आहे. की बहुधा त्या खात्यातच जमा असते. फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जा, डिव्हाइसेसमध्ये तो लॅपटॉप शोध, तिथे बिटलॉकरच्या किल्ल्या दिसतील. पडद्यावर कीचा जो आयडी दिसतो, त्याच्याशी जुळणारी घे. सापडली नाही तर आठव, लॅपटॉप घेतला त्या दिवशी पहिल्यांदा कोणाच्या ईमेलने सुरू केला होता? वडिलांच्या? कॉलेजच्या? दुकानातल्या पोऱ्याने "मी करून देतो" म्हणत स्वतःच्या ईमेलने केल्याचे दोन किस्से मी स्वतः निस्तरले आहेत, त्यामुळे दुकानात जाऊनही विचार. की कुठेच नसेल तर कितीही पैसे घेणारा माणूस ती डिस्क उघडू शकत नाही, आणि उघडतो म्हणाला तर त्याच्या हातात डिस्क देऊ नकोस.

ज्यांचे लॅपटॉप आज चालू आहेत त्यांनी ही की आत्ताच खात्यातून बघून वहीत उतरवावी. ४८ अंक आहेत, चष्मा लावून उतरवा.

प्रश्न : बंद पडलेली हार्ड डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की चालते असं ऐकलं. खरं का?
(एक वाचक, लालबाग)

उत्तर : नका ठेवू. बाहेर काढल्याबरोबर मुंबईच्या हवेत तिच्यावर दव धरतं, आत चकतीवरही धरतं, आणि वाचणारं डोकं त्या थेंबावर आपटतं. तांदळाच्या डब्यातही नको. टकटक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, चेक डिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) लावू नका, स्क्रू उघडू नका. डिस्क वॉरंटीत असेल तरी आधी विचार करा. कंपनी दुसरी डिस्क देईल, पण जुनी ठेवून घेईल, आणि डेटा वॉरंटीत नसतो. त्यातलं काही दुसरीकडे कुठेच नसेल, तर कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि डेटा काढणाऱ्याकडे न्यायचे पैसे जमेपर्यंत तिला हात लावू नका.